बार्शी लाइट रेल्वेकडून शिका गाडीचा धंदा: छोटी सुरुवात, परतीचा माल आणि करार



या आठवड्याच्या व्हिडिओत वेळेअभावी जे भराभर सांगून टाकलं, ते इथे सावकाश लिहितोय. वही-पेन घेऊन बसा, कारण मध्ये थोडं गणित आहे.

आधी विषय हाच का, ते सांगतो. शिरड शहापूर, औंढा, वसमत या पट्ट्यातल्या तरुणांशी धंद्याबद्दल बोलायला बसलं की एक प्रश्न हमखास येतो. "सर, पिकअप घेऊ का?" किंवा "काळी-पिवळी टाकू का?" प्रश्न साधा वाटतो. पण त्या प्रश्नामागे तीन एकर हळदीचे पैसे असतात, वडिलांची जामीनदार म्हणून सही असते आणि दर महिन्याच्या ठरलेल्या तारखेला दाराशी येणारा हप्ता असतो. गाडी शोरूममधून बाहेर पडते त्या दिवशी पेढे वाटले जातात. सहा महिन्यांनी तीच गाडी फाट्यावर दिवसभर उभी दिसते. म्हणून "घे" किंवा "नको" असं एका शब्दात उत्तर द्यायला मी तयार नसतो.

वाहतुकीचा धंदा समजून घ्यायचा असेल तर तो ज्यांनी मोठ्या प्रमाणावर केला त्यांच्याकडे बघावं. आपल्या भागात आज रेल्वे म्हटलं की सरकार आठवतं. पण शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी महाराष्ट्रात आणि मराठवाड्यात कंपन्या रेल्वे चालवायच्या. भागभांडवल गोळा करायचं, रूळ टाकायचे, डबे घ्यायचे, तिकीट विकायचं, माल वाहायचा आणि वर्षाअखेर भागधारकांना हिशेब द्यायचा. तुमच्या पिकअपचं जे गणित आहे तेच त्यांचं होतं, फक्त शून्यं जास्त होती.

आपल्या दारातली रेल्वे कुणाची होती?

शिरड शहापूरचा माणूस रेल्वे धरायला वसमतला जातो, नाहीतर हिंगोलीला. वसमत आणि हिंगोली ही स्टेशनं पूर्णा-अकोला मार्गावर आहेत. या मार्गाचा पूर्णा ते हिंगोली हा तुकडा 1912 मध्ये सुरू झाला, तेव्हा हा सगळा मुलूख निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. रेल्वे चालवणारी कंपनी होती निजाम्स गॅरंटीड स्टेट रेल्वे. नावातला "गॅरंटीड" शब्द बघा. लोकांनी पैसे गुंतवायचे आणि त्यावरच्या परताव्याची हमी संस्थानाने द्यायची, असा तो व्यवहार होता. म्हणजे धंद्याचा धोका मुख्यतः संस्थानाच्या तिजोरीवर. पुढे 1930 मध्ये निजाम सरकारने ही रेल्वे स्वतःकडे घेतली. स्वातंत्र्यानंतर 1951 मध्ये ती मध्य रेल्वेत गेली. नंतर आपला भाग दक्षिण मध्य रेल्वेत आला आणि 2003 पासून नांदेड विभागात आहे. मीटरगेजचा हा मार्ग 2008 मध्ये ब्रॉडगेज झाला.

ही झाली आपली रेल्वे. पण धंद्याचे धडे घ्यायचे तर माझ्या मते सगळ्यात चांगलं उदाहरण दुसऱ्या कंपनीचं आहे. तिचं नाव बार्शी लाइट रेल्वे. लातूर, धाराशिव, सोलापूर, सांगलीकडच्या वाचकांनी आजी-आजोबांकडून या छोट्या गाडीच्या गोष्टी नक्की ऐकल्या असतील.

21 मैलांची कंपनी

एव्हरार्ड कॅलथ्रॉप नावाचा एक इंग्रज इंजिनिअर 1882 मध्ये ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेत, म्हणजे जीआयपीत, नोकरीला आला. मुंबईहून सोलापूर, रायचूरकडे जाणारी मोठी लाइन ही जीआयपीची. या मोठ्या लाइनला माल आणून देणाऱ्या छोट्या लाइन कुठे टाकता येतील, याचा त्याने फिरून अभ्यास केला. त्याच्या नजरेत बार्शी भरली.

बार्शीच का? कारण बार्शी आधीपासूनच मोठी बाजारपेठ होती. "बार्शी तिथे सरशी" असं लोक आजही म्हणतात. कापूस, धान्य, तेलबिया यांचा व्यापार तिथे होत होता. पण मुख्य रेल्वे 21 मैल लांब, आजच्या कुर्डुवाडीला. त्या स्टेशनाचं तेव्हाचं नावच "बार्शी रोड" होतं. मधल्या 34 किलोमीटरमध्ये बैलगाड्या चालायच्या.

इथे थांबा आणि लक्षात घ्या. त्याने नवं गिऱ्हाईक निर्माण करायचा प्रयत्न केला नाही. माल होता, व्यापारी होते, भाडं देण्याची सवयही होती. लोक बैलगाडीला पैसे देतच होते. तीच सेवा जास्त वेगाने आणि जास्त भरवशाने द्यायची, एवढंच त्याने ठरवलं.

कल्पना चांगली होती म्हणून काम लगेच झालं असं नाही. सरकारशी बोलणी, परवानगी, पैसा यात वर्षं गेली. 1889 मध्ये त्याने नोकरी सोडली. शेवटी 1895 मध्ये लंडनमध्ये कंपनी उभी राहिली आणि 1897 मध्ये कुर्डुवाडी ते बार्शी गाडी धावायला लागली. "लोनची फाइल तीन महिने अडकली, आता सोडून देतो" म्हणणाऱ्यांनी ही वर्षं मोजावीत.

धडा 1: खर्च आधी ठरवा, मग गाडी निवडा

मोठी लाइन होती ब्रॉडगेज, रुळांमधलं अंतर साडेपाच फूट. कॅलथ्रॉपने बार्शीसाठी निवडलं अडीच फूट. रूळ हलके, वळणं जास्त घेता येतात, जमीन कमी लागते, पूल स्वस्त पडतात. 21 मैलांवर जेवढा माल आहे तेवढ्याला परवडेल असाच रस्ता.

पण छोटी गाडी म्हणजे कमी माल, हा त्या काळचा समज होता. तो त्याने हिशेबाने मोडला. कसा, ते बघा.

हलक्या रुळावर किती वजन चालेल हे एका अॅक्सलवर किती भार येतो यावर ठरतं. त्याने नियम घातला: इंजिन असो की डबा, एका अॅक्सलवर 5 टनांच्या वर भार नको. मग रूळ, पूल सगळं याच 5 टनांसाठी बांधायचं. आता डब्याला चार अॅक्सल दिले तर भरलेल्या डब्याचं वजन 20 टनांपर्यंत नेता येतं. डब्याचा सांगाडा हलक्या पोलादी पत्र्याचा केला की त्यातला मोठा वाटा मालाला मिळतो. इंजिन बारा चाकांचं केलं, म्हणजे त्याचं वजन सहा अॅक्सलवर वाटलं गेलं. मालडब्यांचे सांगाडे एकाच मापाचे ठेवले, म्हणजे सुटे भाग एकच आणि दुरुस्ती सोपी. आणि हे सगळं जहाजात चढवण्याआधी इंग्लंडमध्ये लीड्सजवळ रूळ टाकून चालवून बघितलं.

तुमच्यासाठी याचा अर्थ काय? आपल्याकडे उलटं होतं. आधी शोरूममध्ये गाडी आवडते. मग तिच्यासाठी धंदा शोधतात. मित्राने मोठी गाडी घेतली म्हणून आपणही मोठी घेतो. शेतरस्त्यावर पावसाळ्यात ती जात नाही आणि मोंढ्याला नेण्याइतका माल रोज मिळत नाही. आधी वहीत लिहा: माझ्या पट्ट्यात रोज किती पोती, किती माणसं, कोणत्या रस्त्याने जातात? त्यावरून गाडी ठरवा. आणि विकत घेण्याआधी महिनाभर भाड्याची गाडी लावून बघा. कॅलथ्रॉपने लीड्सला केलं ते हेच.

धडा 2: एका टोकापासून वाढा

1897 मध्ये 21 मैल. त्यानंतर जवळपास नऊ-दहा वर्षं गेली, तेव्हा कुठे पुढचे फाटे निघाले. एक फाटा पूर्वेला तडवळ्याकडे, दुसरा पंढरपूरकडे. 1911 मध्ये गाडी लातूरला पोचली. लातूर तेव्हा निजामाच्या हद्दीत, म्हणजे कंपनी ब्रिटिश मुलखातून दुसऱ्या राज्यात शिरली. 1927 मध्ये दुसऱ्या टोकाला मिरज जोडली गेली. एकूण लाइन सुमारे 200 मैल झाली, म्हणजे सव्वातीनशे किलोमीटर. 21 वरून 200 ला जायला तीस वर्षं लागली.

प्रत्येक वेळी ते कुठे गेले, तेही बघण्यासारखं आहे. लातूरला गेले मालासाठी. लातूरच्या व्यापाराला रेल्वेमुळे थेट मुंबईची वाट मिळाली आणि तिथली बाजारपेठ वाढली. पंढरपूरला गेले माणसांसाठी. मिरजेला गेले कारण तिथे दुसऱ्या रेल्वेची लाइन होती, म्हणजे दुसरी बाजू उघडली. माल, माणसं आणि जोड, ही तिन्ही कारणं वेगवेगळी आणि तिन्ही हिशेबातली.

आता स्वतःला विचारा: माझी दुसरी गाडी मी कोणत्या कारणासाठी घेतोय? "पहिली चांगली चालली म्हणून" हे कारण पुरेसं नाही. पहिल्या गाडीला रोज माल मिळतो म्हणजे दुसरीलाही मिळेलच असं नसतं. दुसऱ्या गाडीला स्वतःचा माल लागतो.

धडा 3: परतीची फेरी रिकामी आली तर नफा तिथेच संपतो

हा या लेखातला सगळ्यात महत्त्वाचा भाग. इथे आकडे घेऊ. हे फक्त समजण्यासाठी धरलेले आकडे आहेत. तुमचे आकडे तुम्ही भरा.

समजा, तुम्ही पिकअप घेतली.

महिन्याचा हप्ता 14,000. विमा, कर, फिटनेस, परवाना यांचा महिन्याला पडणारा वाटा 4,000. ड्रायव्हरचा पगार 12,000. एकूण 30,000. गाडी चालो न चालो, हा खर्च होणारच. महिन्यात 25 दिवस काम धरलं तर रोजचे 1,200.

आता एक जाऊन-येऊन फेरी. डिझेल, टायर, झीज मिळून 800. जातानाचं भाडं 1,500. हातात राहिले 700.

दिवसात एकच फेरी मिळाली तर 700 वजा 1,200, म्हणजे रोज 500 चा तोटा, महिन्याला 12,500. दोन फेऱ्या मिळाल्या तर 1,400 वजा 1,200, रोजचे 200 शिल्लक, महिन्याला 5,000. एवढ्यासाठी तुम्ही जमीन गहाण ठेवली.

आता याच दोन फेऱ्यांत परत येताना खर्च वजा जाता फक्त 600 रुपयांचं भाडं मिळालं असं धरा. प्रत्येक फेरीला 700 च्या जागी 1,300. दोन फेऱ्यांचे 2,600. वजा 1,200. रोजचे 1,400, महिन्याचे 35,000.

गाडी तीच, ड्रायव्हर तोच, फेऱ्याही तेवढ्याच. 5,000 आणि 35,000 यांच्यातला फरक फक्त परतीच्या मालाचा आहे.

रेल्वे कंपन्यांना हे पक्कं माहीत होतं. बाजारपेठेतून कापूस आणि धान्य बाहेर जायचं, तेव्हा परत येताना कापड, मीठ, लोखंड, रॉकेल, किराणा असा बाहेरचा माल खेड्यांकडे यायचा. प्रवासी तर दोन्ही बाजूंनी असतातच. म्हणून प्रवासी आणि माल एकाच लाइनवर असणं फायद्याचं ठरायचं.

आपल्या पट्ट्यात हळद वसमतच्या आणि हिंगोलीच्या मोंढ्याकडे जाते. वसमत हळदीला 2024 मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. चांगली गोष्ट आहे, माल जाणार. पण मोंढ्यावरून येताना काय आणणार? खत, पशुखाद्य, किराणा, सिमेंट, पाइप, कृषी सेवा केंद्राचा माल? गाडी घेण्याआधी गावातल्या दहा दुकानदारांकडे जा. "तुमचा माल आठवड्याला कधी येतो, कोण आणतं, किती भाडं देता?" हे तीन प्रश्न विचारा. दहापैकी तीन जण जरी हो म्हणाले तरी तुमची परतीची फेरी भरायला सुरुवात होते.

धडा 4: वारीचा दिवस आणि रिकामा महिना

पंढरपूरची लाइन म्हणजे वारकऱ्यांची गर्दी. आषाढी, कार्तिकी, चैत्री, माघी. चार वाऱ्या. त्या दिवसांत डबे कमी पडायचे. पण वारी संपली की? वर्षातले बाकीचे दिवस त्याच डब्यांना, त्याच स्टेशन मास्तरला, त्याच गँगमनला पगार आणि देखभाल लागायचीच.

गर्दीच्या दिवसासाठी गाड्या घेतल्या तर बाकी वर्ष त्या उभ्या राहतात. रोजच्या दिवसासाठी घेतल्या तर गर्दीचं गिऱ्हाईक परत जातं. हा पेच रेल्वेला होता, एसटीला आहे आणि तुम्हालाही असणार.

आपल्याकडचं कॅलेंडर काढा. औंढा नागनाथला श्रावण आणि महाशिवरात्रीला गर्दी. शिरड शहापूरला मल्लिनाथ दिगंबर जैन क्षेत्रामुळे बाहेरगावचे यात्रेकरू येतात. हळद काढणी, शिजवणी आणि पॉलिश झालं की उन्हाळ्यात मोंढा भरतो. दिवाळीच्या आसपास सोयाबीन. लगीनसराई. आणि मग भर पावसाळ्यातले ते दोन-अडीच महिने, जेव्हा शेतकऱ्याच्याच खिशात पैसा नसतो.

हप्ता मात्र बाराही महिने सारखा. म्हणून बँकेच्या साहेबांसमोर बसताना सगळ्यात चांगल्या महिन्याची कमाई सांगू नका, सगळ्यात वाईट महिन्याची डोक्यात ठेवा. गर्दीच्या दिवसांत जास्तीची गाडी भाड्याने लावा, विकत घेऊ नका. आणि सीझनमध्ये जे जास्तीचे मिळतात त्यातून तीन महिन्यांचे हप्ते वेगळ्या खात्यात टाकून ठेवा. ते खातं लग्नाला मोडायचं नाही, बोअरलाही मोडायचं नाही.

धडा 5: जोडाच्या ठिकाणी पैसा गळतो

अडीच फुटी रुळाचा एक मोठा तोटा होता. कुर्डुवाडीला साडेपाच फुटी लाइन. बार्शी लाइटचा डबा तिथून पुढे जाऊ शकत नाही. प्रत्येक पोतं उतरवायचं, दुसऱ्या गाडीत चढवायचं. हमाली आली, वेळ गेला, माल फाटला-भिजला तर भांडण आलं. सुरुवातीला स्वस्त पडलेली लाइन या जोडावर रोज थोडी थोडी किंमत मोजत राहिली. 2000 नंतर टप्प्याटप्प्याने हा सगळा मार्ग ब्रॉडगेज झाला तेव्हाच ती अडचण संपली.

त्याचा फायदा किती, हे एप्रिल 2016 मध्ये दिसलं. लातूरला प्यायला पाणी उरलं नव्हतं, तेव्हा मिरजेहून रेल्वेने पाणी आणलं. पहिल्या फेरीत 10 टाक्या, सुमारे 5 लाख लिटर. ती गाडी मिरज, पंढरपूर, कुर्डुवाडी, लातूर अशी आली, म्हणजे जुन्या बार्शी लाइटच्याच वाटेने, आता मोठ्या रुळांवरून.

तुमच्या धंद्यातला जोड कुठे आहे? शेतातून ट्रॅक्टर, ट्रॅक्टरमधून पिकअप, पिकअपमधून आडत्याचा ओटा. प्रत्येक वेळी हमाली. यातला एक जोड जरी कमी केला तरी त्यातला अर्धा पैसा शेतकऱ्याला आणि अर्धा तुम्हाला मिळतो. गिऱ्हाईक तुमच्याकडे का येईल, याचं उत्तर बहुतेक वेळा स्वस्त भाड्यात नसतं. "माझ्या बांधावरून उचललं आणि थेट काट्यावर उतरवलं" यात असतं.

धडा 6: गिऱ्हाईक रस्ता बदलतं, तुम्ही काय करता?

मोटार बस आल्या आणि रेल्वेचं जवळचं गिऱ्हाईक सुटायला लागलं. आपल्या निजाम स्टेट रेल्वेने काय केलं? जून 1932 मध्ये स्वतःचाच रस्ते वाहतूक विभाग काढला, 27 बस घेऊन. रेल्वे कंपनी बस चालवायला लागली! "आम्ही रेल्वेवाले, बसशी आमचा काय संबंध" म्हणून बसले नाहीत. त्यांनी धंद्याचं नाव "माणसं पोचवणं" असं ठेवलं.

कोकण रेल्वेने पुढच्या काळात तसंच केलं. 1990 मध्ये कंपनी स्थापन झाली, केंद्र आणि चार राज्यांच्या भागीदारीतून. 1998 मध्ये पूर्ण मार्गावर गाडी सुरू झाली. माल मात्र बराचसा महामार्गावरच्या ट्रकनेच जात होता. मग 26 जानेवारी 1999 पासून कोलाड ते वेर्णा अशी रो-रो सेवा सुरू केली. ट्रकच रेल्वेवर चढवायचे. ड्रायव्हरचे घाटातले तास वाचतात, मालकाचं डिझेल वाचतं, रेल्वेला भाडं मिळतं. ज्याला प्रतिस्पर्धी समजत होतो, तोच गिऱ्हाईक झाला.

तुमच्या गावात आधीच चार पिकअप असतील तर त्यांच्याशी भाड्यात खाली उतरायची स्पर्धा करू नका. त्यांना बसवा. आठवड्याचे दिवस वाटून घ्या, परतीचा माल एकमेकांना द्या, एक फोन नंबर ठेवा. भाडं पाडून कुणीच टिकत नाही, हे कोणत्याही फाट्यावर जाऊन विचारा.

धडा 7: कमाई काढून घेतली आणि गाडीवर खर्च केला नाही तर

विदर्भात मूर्तिजापूरहून यवतमाळ आणि अचलपूरकडे जाणारी "शकुंतला" सगळ्यांना माहीत आहे. तीही अडीच फुटी, तीही कापसासाठी. मालकी किलिक निक्सनच्या सेंट्रल प्रोव्हिन्सेस रेल्वे कंपनीची, गाडी चालवणार आधी जीआयपी आणि नंतर मध्य रेल्वे. स्वातंत्र्यानंतरही ही लाइन कंपनीच्याच नावावर राहिली. मँचेस्टरला 1921 मध्ये बनलेलं वाफेचं इंजिन तिथे 1994 पर्यंत ओढत होतं. मालक एक, चालवणारा दुसरा. मग रूळ बदलायचा खर्च कुणी करायचा? कराराच्या या भानगडीत लाइन जुनी होत गेली, वेग कमी होत गेला आणि शेवटी गाडी थांबली. गरीब प्रवाशाची स्वस्त गाडी होती ती. गावाने आंदोलनं केली, पण रुळांचा धीर संपला होता.

बार्शी लाइटचा शेवट वेगळा झाला. 1 जानेवारी 1954 ला सरकारने ती विकत घेतली आणि मध्य रेल्वेत सामील केली. कंपनी संपली, सेवा चालू राहिली.

तुम्ही भावाच्या नावावर गाडी घेता, मेव्हणा चालवतो, पैसे काकांनी घातलेले असतात. चांगलं चालतंय तोवर कुणी काही बोलत नाही. इंजिनचं काम निघालं की घरात शकुंतला होते. म्हणून कागद करा. कुणाचे किती पैसे, दुरुस्ती कुणाची, वाटा किती, कुणाला बाहेर पडायचं असेल तर गाडीची किंमत कशी धरायची. नात्यात कागद करणं वाईट दिसतं असं वाटतं, पण कोर्टात भेटणं त्याहून वाईट दिसतं. आणि प्रत्येक किलोमीटरमागे एक-दोन रुपये झिजेचे म्हणून बाजूला काढा. ते तुमची कमाई नाहीत, ते पुढच्या टायरचे पैसे आहेत.

आजच्या काळात खाजगी माणसाला रेल्वेत संधी आहे का?

हा प्रश्न येतोच म्हणून थोडक्यात. नोव्हेंबर 2021 मध्ये रेल्वेने "भारत गौरव" योजना आणली. यात खाजगी कंपनीला ठरावीक सहलीसाठी रेल्वेचे डबे भाड्याने घेऊन गाडी चालवता येते. पहिली गाडी जून 2022 मध्ये कोइमतूरहून आपल्या शिर्डीला आली. ही मोठ्या भांडवलाची कामं आहेत. पण गाडी आली की प्रवाशांना स्टेशनहून देवळापर्यंत न्यायला, जेवण द्यायला, खोली द्यायला स्थानिक माणूस लागतो. आपल्यासारख्यांची जागा तिथे आहे. कॅलथ्रॉपही मोठ्या लाइनचा फीडरच होता.

आणि प्रवासी वाहतुकीत उतरणाऱ्यांना एक सूचना. थांब्याथांब्यावर माणूस चढवत-उतरवत जाणं, म्हणजे टप्पा वाहतूक, ही एसटीसारख्या सेवेला लागणाऱ्या वेगळ्या परवान्याची गोष्ट आहे. सहलीच्या, कराराच्या गाडीचा परवाना वेगळा असतो. "सगळेच करतात" हे ऐकून गाडी घेऊ नका. अपघात झाला आणि परवाना चुकीचा निघाला तर विम्याची कंपनी कागद बघते, तुमची अडचण बघत नाही. आधी आरटीओत जाऊन लेखी समजून घ्या, मग शोरूमला जा.

आता तुमचं काम

रविवारपर्यंत चार गोष्टी वहीत लिहा.

एक, तुमच्या गावातून जवळच्या मोंढ्याला आणि स्टेशनला आठवड्यात किती माल, किती माणसं जातात. अंदाजाने नको, तीन दिवस फाट्यावर उभं राहून मोजा.

दोन, परत येताना काय मिळू शकतं आणि कुणाकडून. दुकानदारांची नावं लिहा.

तीन, वरचं गणित तुमच्या आकड्यांनी. सगळ्यात वाईट महिना धरून.

चार, घरातल्या भागीदारीचा एका पानाचा कागद.

हे चारही झाल्यावर आकडे जुळले तर गाडी घ्या, बिनधास्त घ्या, आणि पेढे मलाही पाठवा. नाही जुळले तर वहीचं एक पान गेलं, तीन एकर वाचले. तेही वाईट नाही.

पुढच्या व्हिडिओत हळद पॉलिश युनिटचं गणित घेऊ. तोपर्यंत मोजणी चालू ठेवा.